सोडा, रूट बिअर आणि "कंटिन्युइटी"ला मराठीत काय म्हणायचं?

खारीबटर:
मंडळी, अडलंय. आम्ही चौघं मिळून एक इंग्रजी वेबकॉमिक आपल्याआपल्यात मराठीत करतोय, फुग्यांतलं इंग्रजी पुसायचं आणि मराठी भरायचं, छापायचं बिपायचं काही नाही, निव्वळ हौस. नाव सांगत नाही कारण इथे दोघं अजून चौथ्या भागावर आहेत आणि मला शिव्या खायच्या नाहीत. गोष्ट अमेरिकेतल्या एका लहान गावातली, दारूबंदीच्या काळातली, म्हणजे १९२० ते १९३३ मधली. नायिकेच्या बापाचं औषधांचं दुकान आणि त्याच दुकानात सोडा फाउंटन, म्हणजे गॅसची पेयं बनवून देणारा काउंटर. अर्धी गोष्ट त्या काउंटरवरच घडते.

तर अडचणी दोन. पहिली म्हणजे पेयांची नावं. सार्सापरिला, रूट बिअर, क्रीम सोडा, जिंजर एल. रूट बिअरचं "मुळांची बिअर" केलं तर वाचणारा विचारणार की दारूबंदीत ही बारा वर्षांची पोरगी बापासमोर बिअर कशी ढोसतेय. दुसरी म्हणजे कंटिन्युइटी. दुसऱ्या भागात ती म्हणते मला रूट बिअरचा वाससुद्धा सहन होत नाही, मी सार्सापरिलावाली. नवव्या भागात म्हणते मी रूट बिअरवर वाढलेय. तिकडचे फॅन "कंटिन्युइटी एरर" म्हणून नुसते नाचतायत. आम्ही खाली टीप देतो तिथे "सातत्यभंग" असं लिहून बघितलं आणि शाळेचं प्रगतिपुस्तक आठवलं. सुचवा काहीतरी.

उंडगा:
सातत्य म्हणजे रोज पहाटे उठून जोर काढणे. हे ते नव्हे. "सलगता" कसं वाटतं? आणि रूट बिअरला रूट बिअरच ठेवा ना, आपण पावभाजीचं भाषांतर करतो का.

ओवीसंपेना:
सलगता नको. सलग म्हणजे मध्ये तुटलेलं नाही ते. सलग भिंत, सलग सुट्ट्या. तुमचं कॉमिक दर मंगळवारी न चुकता येत असेल तर ते सलग येतं, त्यातली पोरगी भले रोज वेगळं बोलेना. तुम्हाला हवाय तो अर्थ आधीचं आणि नंतरचं एकमेकांशी जुळण्याचा, त्याला "संगती" आहे, आणि न जुळण्याला आपल्याकडे तयार शब्द पडलाय: पूर्वापरविरोध. पूर्व म्हणजे आधीचं, अपर म्हणजे नंतरचं. टीकाकार मंडळी शेकडो वर्षं एकमेकांना याच शब्दानं झोडपतायत.

उंडगा:
पूर्वापरविरोध हा शब्द फुग्यात मावेल का?

ओवीसंपेना:
फुग्यात कोण टाकतंय, टीपेत टाकायचाय. नीट वाचत जा रे.

जुनाबाजार:
कंटिन्युइटीचं बघू नंतर, आधी "सोडा" सोडवा. मराठीत हा शब्द किती ठिकाणी बसलाय बघा. खायचा सोडा, धुण्याचा सोडा, बाटलीतला सोडा, "मला सोडा" मधला सोडा, आणि सोललेली वाळवलेली कोळंबी म्हणजे सोडे, त्यातला एक घेतला तर तोही सोडा. आमच्या घरी पाहुण्यांना "सोडा चालेल ना?" विचारलं की निम्म्यांना खिचडी डोळ्यासमोर येते.

अमेरिकन माणूस नुसतं सोडा म्हणतो तेव्हा त्याला गोड रंगीत पेय म्हणायचं असतं. आपण सोडा म्हणतो तेव्हा बिनसाखरेचं गॅसचं पाणी, फार तर लिंबू पिळून आणि वर काळं मीठ. त्यामुळे नायिका "एक सोडा दे" म्हणाली आणि तुम्ही तसंच ठेवलंत तर मराठी वाचकाला वाटणार हिचं पोट बिघडलंय.

खारीबटर:
हे शंभर टक्के झालंय!! तिसऱ्या भागात दोन प्रेमी एकमेकांकडे बघत सोडा पितायत आणि आमच्यातल्या एकानं वाचून विचारलं की दोघांना ॲसिडिटी आहे का.

पडवीतली_काकू:
मुळात पाण्याला सोडा का म्हणतात हे कुणी सांगितलंच नाही. सुरुवातीच्या त्या औषधी पाण्यात खरंच सोड्याचा क्षार घालायचे, पोटासाठी. नुसता वायू पाण्यात मुरवायची युक्ती प्रीस्टली या शास्त्रज्ञाची, इंग्लंडात लीड्सला तो दारूच्या भट्टीशेजारी राहायचा आणि भट्टीच्या पिंपावर साठणारा वायू त्यानं पाण्यात धरला, १७६७ साली. पुढे १७८३ मध्ये जिनिव्हात श्वेप नावाच्या माणसानं त्याचा धंदा उभा केला. क्षार घालायचं पुढे बऱ्याच ठिकाणी बंद झालं, नाव मात्र चिकटलं. सोडियमचं नावही सोड्यावरूनच आलंय, सोड्याचं सोडियमवरून नाही, मी शाळेत हे उलटं शिकवायचे आणि नंतर कळल्यावर जीव ओशाळला.

आपल्याकडे साहेबाच्या या पाण्याला नोकरचाकर "विलायती पानी" म्हणत. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात नोंद आहे त्याची. टोमॅटोला विलायती वांगं म्हणायचे त्यातलाच प्रकार.

बर्फातला_बंड्या:
मिशिगनहून हजर. आमच्याकडे सोडा म्हणालात तर लोक ओळखतात की हा बाहेरून आलाय, इथे "पॉप". न्यूयॉर्कात सोडा, आमच्याकडे पॉप, आणि दक्षिणेत कुठलंही असलं तरी "कोक", म्हणजे वेटर विचारतो कोक हवाय का, हो म्हटलं की विचारतो कुठला, आणि मग आपण म्हणायचं संत्र्याचा. पॉप हा शब्द बूच उडताना होणाऱ्या आवाजावरून. इंग्रज कवी सौदी याच्या १८१२ च्या लिखाणात तो असाच समजावलेला सापडतो.

खारीबटर, तुमचं गाव कुठल्या राज्यातलं आहे ते बघा आणि त्यावरून ठरवा. मराठीत फरक दाखवायला "थंड", "कोल्ड्रिंक", "गॅसवालं" असं काहीतरी लागेल. माझ्या आजोळी, साताऱ्याकडे, "थंड घेणार का" म्हटलं की झालं.

खारीबटर:
"थंड" भारी आहे. "चल तुला थंड पाजतो." लिहून घेतलं.

उंडगा:
बंड्याभाऊ, रूट बिअर लागते कशी?

बर्फातला_बंड्या:
गुडघ्याला चोळायचं मलम गोड करून, त्यात गॅस भरून, वर आईस्क्रीमचा गोळा सोडला की जे होईल ते. खोटं नाही सांगत. त्यात विंटरग्रीन नावाच्या झुडपाचा स्वाद असतो आणि तोच वास दुखण्याच्या मलमांना असतो. पहिल्या वर्षी मी बाटली तशीच ठेवून दिली होती. आता दर उन्हाळ्यात पितो, का ते विचारू नका.

नावाचा घोळ फक्त तुमचा नाही. चार्ल्स हायर्स म्हणून फिलाडेल्फियाचा औषधवाला होता, १८७६ मध्ये तिथे अमेरिकन स्वातंत्र्याच्या शंभरीनिमित्त भरलेल्या प्रदर्शनात त्यानं हे पेय लोकांना पाजलं. असं सांगतात की त्याला आधी "रूट टी" म्हणायचं होतं, एका मित्रानं सांगितलं बाबा रे खाणकामगार चहा विकत घेणार नाहीत, बिअर म्हण. तो स्वतः दारूच्या विरोधातला आणि नाव ठेवलं बिअर! मग १८९५ मध्ये तिथल्या दारूबंदीवाल्या बायकांच्या संघटनेनं त्यावर बहिष्कार घातला, नावात बिअर आहे म्हणजे आत दारू असणारच. तपासणीत काही निघालं नाही तेव्हा कुठे तीनेक वर्षांनी मिटलं. म्हणजे तुमच्या वाचकाला जी शंका येईल ती तिकडच्या बायकांना १८९५ मध्येच येऊन गेलीये. तेव्हा शब्द तसाच ठेवा, आणि वाटलं तर टीपेत हा किस्सा टाका.

जुनाबाजार:
हा किस्सा टाकाच.

पडवीतली_काकू:
सार्सापरिलाबद्दल मी बोलू का? त्याला मराठी जोड आहे. आपली उपळसरी. अनंतमूळ म्हणतात तीच, संस्कृतात सारिवा. इंग्रज तिला इंडियन सार्सापरिला म्हणायचे कारण उपयोग तसाच, रक्तशुद्धीला वगैरे. तामिळनाडूकडे नन्नारीचं सरबत करतात ते हिचंच, सोड्यात घालूनही देतात. माझी आजी उपळसरीची मुळं दुधात उकळायची, वास इतका गोड की व्हॅनिला झक मारेल. मग सार्सापरिलाला सरळ "उपळसरी" का म्हणू नये?

ओवीसंपेना:
काकू, शब्द सुंदर आहे, पण वनस्पती वेगळी. अमेरिकेतली ती स्मायलॅक्स कुळातली काटेरी वेल. स्पॅनिशमध्ये सार्सा म्हणजे काटेरी झुडूप आणि पारिया म्हणजे वेल, त्यावरून नाव. उपळसरीला काटे कुठे आहेत.

पडवीतली_काकू:
काट्यांचं मला माहीत आहे हो. कोशासाठी नाही म्हणत मी. कानाला काय बरं वाटतं ते म्हणतेय.

खारीबटर:
काकू, मला पण फार आवडला होता पण करून बघितलं तर ती पोरगी एकदम दापोलीची झाली. ओहायोतलं दुकान, बाहेर बर्फ, आणि "बाबा एक उपळसरी द्या". हसून हसून मेलो आम्ही. सार्सापरिलाच ठेवतो, टीपेत उपळसरीचा उल्लेख नक्की करतो.

बर्फातला_बंड्या:
ओहायो?? मग पॉप. शेजारचंच राज्य आहे माझं.

आणि एक सांगू, ही जी एरर म्हणून नाचतायत ती कदाचित एरर नाहीच. त्या काळी सार्सापरिला म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं पेय सॅसाफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाच्या सालीवर आणि बर्च झाडावर चालायचं, आणि रूट बिअरचा जीव पण सॅसाफ्रासच. त्यातलं सॅफ्रोल हे द्रव्य १९६० मध्ये अमेरिकन सरकारनं बंद केलं, तोवर दोन्ही चुलत भावंडंच होती. म्हणजे पोरगी नवव्या भागात "रूट बिअरवर वाढले" म्हणते तेव्हा ती त्याच पिंपाबद्दल बोलत असेल, फक्त बापानं मधल्या काळात पाटी बदलली असेल.

उंडगा:
वा, वकील व्हा तुम्ही.

कंटीवाला:
उशिरा आलो. मी मालिकेच्या युनिटमध्ये तीन वर्षं काढलीत आणि माझं कामच हे होतं. तिथे कुणी सातत्य, संगती म्हणत नाही, "कंटी". "कंटी बघ", "कंटी गेली", "अरे मागच्या शॉटला घड्याळ डाव्या हातात होतं, कंटी कोण बघतंय". एडी, म्हणजे असिस्टंट डायरेक्टर, फोटो काढून ठेवतो आणि शिव्या खातो.

आणि योगायोग बघा, आमचा सगळ्यात मोठा शत्रू सोडाच. सीनमध्ये कुणाच्या हातात गॅसचा ग्लास दिला की मेलो. साध्या पाण्याची पातळी जुळवायची एवढंच असतं, इथे पातळी जुळवली तरी बुडबुडे मरतात. एकाच वाक्याच्या आधी ग्लास फसफसलेला आणि नंतर एकदम शांत, जणू मधे अर्धा तास गेला. मग प्रत्येक टेकला नवी बाटली फोडायची किंवा चिमूटभर मीठ टाकून फेस आणायचा, आणि नटाला आधी सांगून ठेवायचं की आता पिऊ नका. एका ज्येष्ठ नटानं ते खारट थंड खरंच प्यायलं आणि तो टेक काही कामाचा राहिला नाही. कॉमिकवाल्यांचं बरं आहे, बुडबुडे काढले की राहतात.

ओवीसंपेना:
बुडबुडे राहतात, बाकीचं सरकतं. डॉ. वॉटसनचं उदाहरण घ्या. होम्सच्या पहिल्या कादंबरीत त्याला अफगाणिस्तानात गोळी लागते ती खांद्याला. दुसऱ्या कादंबरीत जखम पायाला. लेखकानं मागचं उघडून बघायची तसदी घेतली नाही, आणि वाचक शंभर वर्षं त्यावर निबंध लिहितायत, दोन गोळ्या होत्या का, वाकून बसला होता का. हा शुद्ध पूर्वापरविरोध.

पण याच गोष्टींत एक गॅसोजीन आहे. घरच्या घरी सोडा करायचं काचेचं यंत्र, एकावर एक दोन गोल भांडी, फुटलं तर काच उडू नये म्हणून वर जाळी. १८९१ च्या कथेत होम्स वॉटसनला कोपऱ्यातला गॅसोजीन दाखवतो. १९२१ च्या कथेत पुन्हा, गॅसोजीन नेहमीच्या जागी आहे म्हणतो. तीस वर्षांत माणसाची जखम खांद्यावरून पायात उतरली, सोड्याचं यंत्र जागचं हललं नाही.

जुनाबाजार:
हे वाचून चहा सांडला माझा.

खारीबटर:
मला हे छापून भिंतीवर लावायचंय. बरं पण अजून एक आहे. सहाव्या भागात १९२७ साल म्हणून कॅलेंडर दाखवलंय आणि मागे फळीवर सेव्हन-अपची बाटली. सेव्हन-अप आलं १९२९ मध्ये. हाही पूर्वापरविरोध का?

ओवीसंपेना:
नाही. हा कालविपर्यास. गोष्ट स्वतःशी भांडत असेल तर पूर्वापरविरोध, गोष्ट इतिहासाशी भांडत असेल तर कालविपर्यास. आणि एकाच वाक्यात माणूस स्वतःला खोडत असेल, "मी आता मौनात आहे" असं मोठ्यानं सांगत असेल, तर वदतोव्याघात. तीन वेगळे खिसे आहेत, एकातलं दुसऱ्यात घालू नका.

जुनाबाजार:
कालविपर्यासाचं आपलं उदाहरण देतो. मध्ये कुणीतरी १९८५ च्या गिरगावातली चाळ काढलेली एक चित्रकथा पाठवली, काम सुरेख, पण दुकानाच्या पाटीवर कोकाकोला. अरे बाबा कोकाकोला १९७७ ला गेलं ते १९९३ ला परत आलं. मधली सोळा वर्षं आपण थम्सप, गोल्डस्पॉट, ड्यूक्सचं लेमोनेड आणि मँगोला प्यायलो. इराण्याकडे पालनजीची रासबेरी. रास्पबेरी नाही, रासबेरी, प मधे आला की चव जाते.

पडवीतली_काकू:
आणि गोटी सोडा! फट् आवाज, दुकानदाराच्या हातातला तो लाकडी दट्ट्या, आणि संपल्यावर गोटी काढण्यासाठी बाटली फोडावी असा मोह. माझ्या भावानं फोडली होती एकदा, गोटी हिरवट निघाली, खेळायला उपयोग शून्य, आणि बाटलीचे पैसे वडलांनी भरले.

उंडगा:
मग सोडा फाउंटनला "गोटी सोड्याची गाडी" केलं तर? वाचकाला लगेच पोचेल.

जुनाबाजार:
नको रे. फाउंटनवर बाटलीच नसते, सिरप ग्लासात आणि वरून नळानं गॅसचं पाणी. तो नळाचा दांडा खेचणारा पोरगा म्हणून त्याला तिकडे सोडा जर्क म्हणायचे. गोटीची बाटली हिरम कॉड नावाच्या इंग्रजाची, १८७२ चं पेटंट. बाटली उलटी धरून भरायची, आतल्या गॅसचा दाब गोटीला मानेतल्या रबराच्या कड्यावर घट्ट बसवतो, बूच लागतच नाही. पिताना गोटी परत तोंडाशी येऊ नये म्हणून मानेला दोन खळगे असतात, तिथे ती अडकते, त्यासाठी बाटली नीट फिरवून धरावी लागते, आणि हे ज्याला माहीत नाही तो नुसता बाटली तोंडाला लावून बसतो.

नावं बघा पण. आपल्याकडे गोटी, तामिळमध्ये गोली सोडा, दिल्लीत बंटा, कारण पंजाबीत बंटा म्हणजे गोटी. जपानात हीच बाटली, तिथे "रामुने", म्हणजे लेमोनेडच, फक्त जपानी जिभेवरून घसरून आलेलं. सगळ्यांनी गोटीवरून नाव ठेवलं, जपान्यांनी आतल्या पेयावरून.

आणि एक खोटी व्युत्पत्ती आधीच मारून ठेवतो. इंग्रजीत बकवासला कॉड्सवॉलप म्हणतात ते याच कॉडवरून आलं असं दर दोन महिन्यांनी कुणीतरी पाठवतं. कॉड मेला १८८७ मध्ये आणि हा शब्द छापील सापडतो तो थेट विसाव्या शतकाच्या मध्यावर. सत्तर वर्षं हा शब्द कुठल्या बाटलीत होता?

खारीबटर:
ओके, शेवटचा शब्द, मग मी सुटलो. रेटकॉन. त्या लेखिकेनं प्रश्नोत्तरांत सांगितलंय की "दुसऱ्या भागात ती खोटं बोलत होती, तिला रूट बिअर आवडायचीच". म्हणजे मागाहून मागचं बदललं. याला काय?

ओवीसंपेना:
तिकडे तो शब्द "रेट्रोॲक्टिव्ह कंटिन्युइटी"चं छोटं रूप. कॉमिक्सच्या जगात हा प्रयोग १९८३ मध्ये लेखक रॉय थॉमसनं ऑल-स्टार स्क्वॉड्रन या कॉमिकच्या वाचकांच्या पत्रांच्या पानावर केलेला दिसतो. मी "प्रक्षेप" सुचवला असता, मूळ ग्रंथात नंतर घुसवलेला मजकूर. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना लोकांनी देशभरची हस्तलिखितं जुळवून हेच प्रक्षेप वेगळे काढले, ते काम १९६६ ला पुरं झालं. पण प्रक्षेप दुसऱ्या कुणाच्या हातचा असतो. इथे लेखिका स्वतःच. त्यामुळे माझी सूचना मीच मागे घेतो.

उंडगा:
हे पण रेटकॉनच झालं.

पडवीतली_काकू:
संस्कृतात कशाला शिरताय, घरात बघा. मागाहून जुळवाजुळव करणं म्हणजे सारवासारव. आणि छान जमली, कुठे फाटलं होतं कळत नाही, तर ती रफू. नाही जमली, लांबून दिसतं, तर ठिगळ.

कंटीवाला:
काकू!! रफू!! आमच्या एडिटरला हाच शब्द हवा होता, तो बिचारा "कट लपवला" म्हणतो.

खारीबटर:
ठरलं. गोष्टीत काही आहे त्यावरूनच मागचं नवीन अर्थानं उलगडलं तर रफू, लेखिका बाहेर येऊन सांगत बसली तर सारवासारव. तर ही सारवासारव.

ओवीसंपेना:
थांबा, पण जर पुढच्या भागात खरंच दाखवलं की तेव्हा ती खोटं बोलत होती, तर?

बर्फातला_बंड्या:
तर सारवासारवीची रफू होईल. होऊ शकते की. ठिगळाची पण गोधडी होतेच.

ओवीसंपेना:
हे मान्य.

खारीबटर:
टीप अशी केलीये, बघा: "नायिका दुसऱ्या भागात सार्सापरिलावाली आणि नवव्यात रूट बिअरवाली आहे, हा पूर्वापरविरोध मूळचाच, आमचा नव्हे. लेखिकेची सारवासारव झाली आहे, रफूची वाट बघतोय. सहाव्या भागातली सेव्हन-अपची बाटली हा कालविपर्यास, तोही मूळचाच." चालेल?

ओवीसंपेना:
"मूळचाच" दोनदा आलंय.

खारीबटर:
मुळांच्या पेयाबद्दल आहे, येऊ दे.

खारीबटर:
अपडेट. आज मंगळवार, नवीन पान आलं. त्याच दुकानात, त्याच कॅलेंडरखाली, १९२७ च. फळीवरची सेव्हन-अपची बाटली काढून टाकलीये, गुपचूप, आणि जुनं पानही बदललंय. तिथे आता जिंजर एल आहे. आमचं मराठी पान मात्र गेल्याच आठवड्यात पक्कं करून सगळ्यांना पाठवलं होतं, टीपेसकट.

बर्फातला_बंड्या:
व्हर्नर्स काढलीये का? डेट्रॉइटची जिंजर एल, १९२७ च्या कितीतरी आधीची, तेव्हा कालविपर्यासाची काळजी नाही.

उंडगा:
मग आता चूक फक्त मराठीत शिल्लक आहे म्हणायची.

ओवीसंपेना:
चूक नाही, पाठभेद. जपून ठेवा ती प्रत.